चारचा पहारा

"काका, वायफायच्या दांड्या सगळ्या दिसतायत, पण एक पान उघडत नाही!"

स्वरालीने उघडा लॅपटॉप आरतीच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरला होता. तिच्या मागे आणखी चौघीजणी, आणि जिन्यावर त्यांच्याही मागे कुणीकुणी. सोमनाथ तेव्हा नेमका पिशवीचा बंद आवळत होता. पिशवीत धुतलेलं धोतर, पैरण आणि घडी न मोडलेली टोपी होती. आज त्याने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती.

"आत्ता तर चालत हुतं की," तो म्हणाला.

"आत्ता म्हणजे सकाळी, काका. तीनला माझी ऑनलाइन मुलाखत आहे. कंपनीवाले काय थांबणारेत का माझ्यासाठी?"

"थांबत्यात की. तुझ्यासारखी पोरगी कुठं गावणार त्यास्नी?"

"काका, चेष्टा नको ना! मी रडेन हं."

तिचे डोळे खरोखरच भरून आले होते. सोमनाथने पिशवी खुर्चीवर ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक वाजून गेला होता. चारला शेळगावात उभं राहायचं होतं. मोटरसायकलवर पाऊण तासाची वाट, त्यात उसाचे ट्रॅक्टर. हातपाय धुवायला, कपडे बदलायला थोडा वेळ. अजून हातात वेळ होता. एवढं काम बघून निघू, असं त्याने मनाशी म्हटलं.

बारामतीतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात सोमनाथ नेटचं काम बघत असे. जुलैत नव्या मुली येत, तेव्हा त्याच्या टेबलापुढे रांग लागायची. कुणाच्या बापाच्या खांद्यावर गादी, कुणाच्या आईच्या हातात लाडवांचा डबा, आणि मुलीच्या हातात घट्ट धरलेला फोन. सोमनाथ प्रत्येकीच्या फोनचा आणि लॅपटॉपचा नंबर संगणकात भरायचा, मग ते यंत्र वसतिगृहाच्या नेटला जोडलं जायचं. मुलीला दोन यंत्रं, तिसरं नाही. आणि घरून आणलेला स्वतःचा राउटर तर मुळीच नाही. का नाही, ते तो प्रत्येक बापाला सांगत बसे. "समजा, लग्नाची पंगत बसलीया. वाढपी पाव्हण्यांना जागा दाखवतोय. तेवढ्यात भलताच एकजण उठतो आन म्हणतो, या, तुमी हिकडं बसा. पाव्हणा जाऊन बसतो, तर तितं पत्रावळच न्हाय! राउटर उलटा लागला की असं हुतं बघा. समद्यांना जागा गावती आन जेवाण कुणालाच न्हाय." बाप मान डोलवायचे. मुली हसायच्या, आणि दिवाळीनंतर त्यांतली एखादी राउटर आणायचीच.

मागच्याच महिन्यात रेक्टर स्वरूपा मॅडमनी मुलींना गोळा करून बजावलं होतं : ज्या खोलीत राउटर सापडेल, त्या मुलीच्या घरी त्याच दिवशी फोन जाईल.

सोमनाथचं नोकरीवर लक्ष होतं, मन होतं ते वेगळ्या ठिकाणी. शेळगावच्या शिवारात त्यांच्या वस्तीवर विठोबाचं लहानसं देऊळ होतं आणि तिथं माघात हरिनाम सप्ताह बसायचा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा त्याचा नेम. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात ती जायची आणि ज्याच्या गळ्यात असेल त्याने उभं राहून नाम घ्यायचं. त्याला पहारा म्हणत. पुढचा पहारेकरी आल्याशिवाय आधीच्याला हलता येत नाही. पाय दुखोत, पाऊस येवो, भूक लागो. शेवटच्या दिवशीचा दुपारी चारचा पहारा सोमनाथच्या घराचा होता. आधी त्याच्या वडिलांचा, ते गेल्यापासून त्याचा. कीर्तनकार कितीही नावाजलेला असो, त्याची वाणी कितीही गोड असो, सोमनाथला तो सगळा गोडवा त्या एका तारेवर तोललेला वाटायचा. वर्षभर तो लोकांची यंत्रं जोडायचा. त्या दोन तासांत त्याचं स्वतःचं कुठंतरी जोडलं जायचं. आणि आज तोच दिवस होता.

म्हणून त्याच्या हातून घाई झाली. एरवी नेट गेलं की तो आधी आपल्या लॅपटॉपवर पत्ता बघायचा. प्रत्येक राउटर यंत्रांना पत्ते वाटतो, आणि दोन गायकांची चाल जशी वेगळी, तशी दोन राउटरांची पत्ते वाटायची रीत वेगळी. पत्ता बघितला की कुठल्या जातीचं यंत्र मध्ये शिरलंय ते कळतं, आणि मग शोधायला निघायचं. आज त्याने पत्ता पाहिलाच नाही. कुणीतरी राउटर लावला असणार, एवढं धरून तो मॅडमना घेऊन थेट मजले चढू लागला.

तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत कपाटामागे हिरवा दिवा लुकलुकत होता.

"कुणाचं हे?" मॅडमनी विचारलं.

चार मुलींपैकी तिघींनी खाली पाहिलं. चौथीने वर पाहिलं. तिचं नाव पायल, सोमेश्वरनगरची. बाप साखर कारखान्यात कामाला.

"माझं," ती म्हणाली. "कोपऱ्यात रेंज येत नाही, मॅडम. चौघींना वापरता यावं म्हणून लावलं. पण त्यानं नेट नाही गेलं. ते महिनाभर आहे इथं."

"म्हणजे महिनाभर नियम मोडतेस, ते वर सांगतेस?"

"खोटं कशाला सांगू?"

मॅडमना हे उत्तर उद्धट वाटलं. सोमनाथला तसं वाटलं नाही, पण तो गप्प राहिला. त्याने वायर काढली, राउटर मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी तिथंच उभं राहून पायलच्या वडिलांना फोन लावला. "वसतिगृहाचं सगळं नेट तुमच्या मुलीनं बंद पाडलंय. येऊन भेटा." पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण पायलचा चेहरा उतरला.

"आबा मला घरी न्हेतील," ती हळूच म्हणाली. मघापासून ती शहरासारखं बोलत होती. आता बोली आपोआप घरची झाली. "आजी कवाची म्हनती, पोरीला हास्टेलात कशाला ठिवायची. आता न्हेतीलच."

सोमनाथ जिना उतरला. काम झालं होतं. पिशवी हँडलला अडकवली, हेल्मेट डोक्यावर घातलं, गाडीला किक मारली आणि फाटकापर्यंत गेला, तोच वरच्या गॅलरीतून स्वरालीची हाक आली.

"काका! नाही आलं! अजून नाही आलं!"

त्याने गाडी बंद केली. हेल्मेट न काढताच कचेरीत येऊन लॅपटॉप उघडला आणि जे आधी करायचं ते आता केलं. पडद्यावर पत्ता उमटला. सोमनाथ त्या आकड्यांकडे बघत राहिला. पायलच्या राउटरची ही रीत नव्हती. ही रीत त्याच्या ओळखीची होती. असे जुने राउटर या इमारतीत फक्त त्याच्याच कपाटात पडलेले होते, आणि त्यातला एक त्याने स्वतःच्या हाताने बाहेर काढला होता.

तो उठून स्वयंपाकघराकडे निघाला.

धोंडाबाई काटेवाडीच्या. मेसमध्ये चपात्या लाटत. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात. पूर्वी आसपासच्या गावांत कुठं सप्ताह असला की त्या ऐकायला जायच्या. मेसचं काम लागलं आणि ते सुटलं. मुलाने चांगला फोन घेऊन दिला, पण स्वयंपाकघर जिन्याखाली, जाड भिंतींच्या आत. तिथं रेंजचं नाव नाही. आणि वसतिगृहाचं नेट मुलींसाठी. मेसच्या बायकांसाठी नाही, असा नियम. एकदा त्या म्हणाल्या, "सोमाभाऊ, तुमच्या वस्तीवरली पोरं कीर्तन फोनवर दावत्यात म्हनं. माझ्या फोनात काय ते येत न्हाय." एवढंच म्हणाल्या, मागितलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सोमनाथने कपाटातला जुना राउटर आणून पिठाच्या डब्यामागे लावून दिला. बरोबर लावला, आलेलं नेट त्याने फक्त स्वयंपाकघराला द्यावं, इमारतीच्या वाटेला जाऊ नये असा. कुणाला विचारलं नाही. तेव्हापासून आदल्या रात्रीचं कीर्तन सकाळी चपात्यांबरोबर चालायचं, आणि नाश्त्याला आलेल्या मुली म्हणायच्या, "मावशी, आज बुवा लईच रंगलेत!"

सोमनाथ आत गेला. पिठाच्या डब्यामागे काही नव्हतं. राउटर वरच्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी मांडला होता. त्याला लख्ख पुसलं होतं, हळदकुंकू वाहिलं होतं आणि दोन्ही दांड्यांना मिळून एक झेंडूची माळ घातली होती.

"आज शेवटचा दिस न्हवं का सप्त्याचा," धोंडाबाई पदराला हात पुसत म्हणाल्या. "म्हनलं, आठवडाभर ह्याच्यातनं देवाचं नाव आलं, आन त्यो पिठात पडल्याला. चांगलं वाटंना. मग पुसला, वर ठिवला, पूजा क्येली. वायर काढली हुती पुसायला, परत घातली जशीच्या तशी. पर मघापास्नं कीर्तन काय लागंना. माझं काय चुकलं का वो, भाऊ?"

राउटरच्या पाठीला एका ओळीत सारखीच भोकं होती. वायर आपलं भोक सोडून शेजारच्यात गेली होती. आता तो राउटर मिळालेलं नेट घेत नव्हता. साऱ्या इमारतीला खोट्या जागा वाटत बसला होता.

"न्हाय, मावशी," सोमनाथ म्हणाला. त्याने वायर उपसली. माळ तशीच राहू दिली.

वरच्या मजल्यांवरून मुलींचा एकच गलका झाला. नेट आलं होतं. स्वरालीची मुलाखत आता होणार होती. मॅडम गॅलरीत आल्या आणि समाधानाने म्हणाल्या, "बघा, तो राउटर काढला तसं आलं की नाही! थोडा वेळ लागला इतकंच."

सोमनाथने ते खालून ऐकलं. अजून तीन वाजले नव्हते. आता निघालं तर चारच्या आधी पोचता येईल. स्वयंपाकघरात तो काय करून आला ते कुणी पाहिलं नव्हतं. राउटर उद्या गुपचूप उचलून कपाटात टाकला की झालं. आणि त्या पोरीने नियम मोडला, हे काही खोटं नव्हतं. असे सगळे विचार त्याच्या मनात एकामागोमाग येऊन गेले. लबाडी मनात येते तेव्हा ती फार शहाण्यासारखी बोलते.

दारातल्या बाकावर पायल बसली होती. पायाशी भरलेली बॅग होती. हेल्मेट हातात घेऊन तो तिच्यासमोरून निघाला, तशी ती उठून उभी राहिली.

"काका, सॉरी. मुली म्हणत होत्या तुमचा गावाला सप्ता आहे. माझ्यामुळं तुम्हाला उशीर झाला."

सोमनाथ दोन पावलं पुढे गेला. मग थांबला. हेल्मेट त्याने तिच्याच शेजारी बाकावर ठेवलं आणि वळून मॅडमच्या खोलीकडे गेला.

"मॅडम, नेट त्या पोरीनं न्हाय घालवलं. मी घालवलं."

स्वरूपा मॅडमनी चष्मा वर केला. सोमनाथने सगळं सांगितलं. राउटर कपाटातला, लावला त्याने, विचारलं नाही. वायर कुणी हलवली ते मात्र सांगितलं नाही. "वायर चुकीच्या जागी गेली," एवढंच म्हणाला.

"कशासाठी लावला होता?"

"कीर्तनासाठी. मेसमधल्या बायकांना ऐकायला मिळावं म्हणून."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला विचारलं असतं तर?"

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणाले असते," त्यांनी कबूल केलं. "मुलींना एक नियम लावायचा आणि आपल्या माणसांना दुसरा, असं मला नसतं करता आलं. आणि आता बघा काय झालं. एका मुलीचं सामान दारात आहे, बाप निघालाय." त्यांनी पुन्हा फोन लावून पाहिला. पायलचे वडील गोकुळराव मोटरसायकलवर असणार. फोन वाजून वाजून बंद झाला. "सोमनाथराव, ते येतील तेव्हा मी काही सांगणार नाही. फोनवर चुकीचं बोलले ते मी कबूल करीन. पण बाकीचं तुम्ही समोर बसून सांगायचं."

"मला चारला गावात..." सोमनाथने सुरुवात केली आणि वाक्य अर्ध्यावर सोडलं.

"तुम्ही जाऊ शकता. मी अडवणार नाही. पण मग त्यांना माझं पटणार नाही. मघाशी एक सांगितलं, आता दुसरं सांगतेय, असं होईल."

ते खरं होतं. सोमनाथ बाहेर आला आणि चिंचेखाली उभं राहून घरी फोन लावला. त्याच्या बायकोने, ताईबाईने उचलला. मागे टाळ वाजत होते.

"निघाला का?"

"न्हाय. येळंवर न्हाय जमायचं."

"आज?"

"आजच."

"गाडी बंद पडली व्हय?"

"गाडी चालू हाय. मीच पडलोय बंद." त्याने थोडक्यात सांगितलं. "तात्याला म्हणावं, चारला दुसरं कुणीतरी उभं करा. त्येंचं गुडघं आधीच कामातनं गेल्यालं. दोनपास्नं उभं असत्याल ते."

ज्ञानदेव तात्या म्हणजे सोमनाथचे चुलते. त्याच्या आधीचा पहारा त्यांचा.

"आवो, पर त्यो आपल्या घरचा पहारा हाय. मामंजींपास्नं."

"ठावं हाय मला."

 टाळ तेवढे वाजत राहिले. मग ताईबाई म्हणाली, "बरं. बघते मी काय ते. आन त्या पोरीच्या बापाशी नीट बोला. तुमी तोंडातल्या तोंडात बोलता, समोरच्याला वाटतं खोटंच बोलाय लागलाय."

गोकुळराव आले तेव्हा चार वाजून गेले होते. चार वाजले तो क्षण सोमनाथला बाकावर बसल्या बसल्या कळला. घड्याळ बघावं लागलं नाही. आता तात्या मान वळवून मंडपाच्या दाराकडे बघत असतील, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि त्याने डोळे मिटून घेतले.

गोकुळराव उंच, रापलेले, गळ्याला मफलर गुंडाळलेले. ते बसलेच नाहीत.

"पायल, बॅग घे. चल."

"आबा, ऐका तरी..."

"काय ऐकायचं ऱ्हायलंय? आख्ख्या हास्टेलाचं नेट बंद पाडलं म्हनं."

"गोकुळराव," मॅडम म्हणाल्या, "फोनवर मी सांगितलं ते चुकीचं होतं. मी पुरतं न बघता बोलले. हे सोमनाथराव. यांचं ऐका."

सोमनाथ उभा राहिला. बायकोचं बोलणं आठवून त्याने आवाज जरा चढवला, तो जास्तच चढला.

"नेट मी घालवलं! पोरीनं न्हाय."

गोकुळरावांनी त्याच्याकडे नखशिखांत पाहिलं. "तुमी कोण?"

"नेटचा माणूस. मीच एक डबडं लावलं हुतं, न विचारता. त्याची वायर उलटी बसली. आन मी घाईत हुतो, म्हणून न बघताच हिच्या खोलीत घुसलो. हिचं डबडं गावलं, तर खापर हिच्यावर फुटलं."

"म्हंजे चोर बी तुमी, आन राखणदार बी तुमीच?"

"व्हय."

"आन मला तितनं कामावरनं उठवून पळवत आनला."

"व्हय."

"आता काय म्हनावं ह्या मानसाला!" गोकुळराव मॅडमकडे वळले. राग होता, पण तो कुठं टेकवायचा ते त्यांना कळेना. "पर हिनं बी लावलं हुतंच की डबडं."

"लावलं हुतं," पायल म्हणाली. "खोलीत रेंज न्हवती, आबा. चौघींचा अभ्यास अडत हुता."

"ती चूक तिची," सोमनाथ म्हणाला. "डबडं मॅडमनी काढून घेतलंय, सुट्टीला घरी जाताना मिळंल. आन खोलीत रेंज नाही ही चूक कॉलेजची, म्हणजे परत माझीच. त्या कोपऱ्यात मी यंत्र बसवायला पायजे हुतं. पर नेट घालवल्याबद्दल तिला घरी न्हेऊ नका. विचारल्यावर बाकीच्या तिघी खाली बघत हुत्या, ही एकटी म्हणली माझं हाय म्हणून. मला तेवढं म्हणायला तिच्यापेक्षा जास्त वेळ लागला."

 स्वयंपाकघराच्या दारात धोंडाबाई येऊन उभ्या होत्या. त्यांच्या ध्यानात काय ते आलं होतं. तोंडाला पदर लावला होता. सोमनाथने त्यांच्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

गोकुळराव खाली बसले. मफलर सोडून मांडीवर घेतला. "हिला हितं ठिवायचं ठरलं तवा घरात लई भांडान झालं," ते कुणाकडेच न बघता म्हणाले. "आय म्हनली, पोर हातची जाईल. म्या म्हनलं, जाऊ दे, शिकून तर जाईल. आज मॅडमचा फोन आला आन वाटलं, आयचंच खरं झालं. वाटंत समदा तोच इचार." मग ते मुलीकडे वळले. आवाज अजून करडाच होता. "जेवलीस का दुपारचं?"

"न्हाय."

"का? मेस बंद हाय का? जा, जेव जा. आन ती बॅग कशाला मांडून ठिवलीया मधीच? लोकांच्या पायात येती."

पायलने बॅग उचलली आणि जिन्याकडे निघाली. पहिल्या पायऱ्या सावकाश चढली, मग वरच्या पळतच.

गोकुळराव गेल्यावर मॅडमनी हात पुढे केला. "कपाटाची किल्ली."

सोमनाथने जुडग्यातून किल्ली सोडवून दिली. त्या कपाटात वसतिगृहाची सगळी वायरिंग, सगळी यंत्रं. ते लावलं तेव्हापासून किल्ली त्याच्याजवळ होती.

"चौकशी होईपर्यंत माझ्याकडे राहील. आणि स्वयंपाकघरातलं ते..."

"काढलंय. वर फळीवर ठेवलंय."

"मी पाहिलं मघाशी," मॅडम म्हणाल्या. "माळ घातलीय कुणीतरी." पुढे त्या काही विचारणार होत्या, पण विचारलं नाही. "जा तुम्ही. उशीर झालाय."

बाहेर धोंडाबाई गाडीशी थांबल्या होत्या. "माझ्यामुळं तुमची किल्ली गेली, भाऊ. मी जाऊन सांगते बाईला."

"काय सांगणार? देवाची पूजा क्येली म्हणून? ती चूक व्हय? जोडणी माझी हुती, मावशी. आन न विचारता हुती."

"मग आता कीर्तन?"

सोमनाथने नुसतंच हेल्मेट डोक्यावर चढवलं. धोंडाबाईंनीच मग त्याच्या खिशात झेंडूचं एक फूल घातलं. "माळंतलं हाय. जाताय तसं तितं वाहा," म्हणाल्या आणि संध्याकाळच्या कणकेला लागल्या.

वाटेत उसाच्या ट्रॅक्टरांची रांग होती. दोन-दोन ट्रॉल्या, वर आभाळाला टेकलेला ऊस, मागे लाल कापडाची चिंधी. एरवी तो शिताफीने बाजूने काढायचा. आज मागे मागे चालत राहिला. पोचलं काय आणि न पोचलं काय. वडिलांना एका वर्षी अंगात ताप असताना दोघांनी धरून उभं केलं होतं, पण पहारा दुसऱ्याला दिला नव्हता. आता कुणाच्या गळ्यात असेल वीणा? इंद्रजितच्या असेल, शेजारच्या मळ्यातल्या. चांगला मुलगा आहे. पुढच्या वर्षी त्यालाच देतील, आणि रीतीने तेच बरोबर. ज्याची जागा रिकामी राहिली, त्याने तक्रार करायची नसते.

वस्तीवर पोचला तेव्हा उन्हं कलली होती. मंडपामागे चुलवणावर मोठ्या पातेल्यात आमटी उकळत होती, बायका पाट मांडून बसल्या होत्या. त्यांच्यात ताईबाई दिसली नाही. सोमनाथने हौदावर पाय धुतले, कपडे बदलायचं त्याला सुचलं नाही. पँट-शर्टावरच टोपी घातली आणि मंडपात शिरला.

दाराशीच ज्ञानदेव तात्या पाय पसरून बसले होते. एक बाई त्यांच्या गुडघ्याला तेल चोळत होती.

"आलास व्हय," तात्या म्हणाले.

"चुकलं माझं, तात्या. कुणाला दिली?"

"मी इचारलं, कोण घेतंय. इंद्रजित म्हनला, घेतो, पर सोमाकाका येतील, जरा वाट बघू. दुसरा म्हनला, वाट बघू. समदी एकमेकाच्या तोंडाकडं बघाय लागली आन माझं पाय लटलट. तवर ती भाकरी टाकून आली. पिठाचं हात धुतलं, पदर खोवला, आन म्हनली, तात्या, घर आमचं, पहारा आमचा. द्या हिकडं." तात्यांनी मान हलवली. "आपल्यात दुपारचा पहारा बाईनं घेतल्याला न्हाय कवा. पर न्हाय कोन म्हननार? देवाचं नाव घ्यायला वीणा मागत हुती, दुसरं काय न्हाय."

सोमनाथने पुढे पाहिलं.

देवापुढे ताईबाई उभी होती. गळ्यात वीणा, उजव्या हाताचं बोट तारेवर, डावा हात दांडीला. तिला वीणा मोठी होत होती. भोपळा कमरेच्या खाली आला होता. नाम घेताना ती एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत होती. विणेकरी झुलतात तशी नाही. पाळण्यातलं मूल झोपवताना बाई झुलते, तशी. डोळे उघडे होते आणि विठोबाच्या पायांवर होते.

तो तिच्यासमोर गेला. दोन्ही हात पुढे केले, वीणा घ्यायला. सहा वाजायला अजून थोडा वेळ होता. निदान तेवढा तरी.

ताईबाईने त्याच्याकडे पाहिलं. "रामकृष्ण हरी," ती म्हणत होती, आणि म्हणत असतानाच तिने मान आडवी हलवली. रागाने नाही. एकदाच हलवली. पहारा तिने घेतला होता, तो तिचा होता. संपेपर्यंत तिचाच राहणार होता.

सोमनाथचे पसरलेले हात तसेच राहिले. मंडपातले लोक बघत होते. त्याने खिशातलं फूल काढून विणेच्या भोपळ्यावर वाहिलं. मग, वीणा ज्याच्या गळ्यात असेल त्याच्या पायांवर डोकं ठेवायचं, लहानमोठं बघायचं नाही, या रीतीने तो खाली वाकला.

तिची पावलं चुलीच्या राखेने करडी झाली होती. घरात सणावाराला याच पावलांनी ती त्याच्यासमोर येऊन वाकायची. त्याचं कपाळ जवळ येताना दिसलं, तशी तिची बोटं आत आखडली. पाऊल मागे घ्यायला उचललं गेलं आणि मध्येच थांबलं. मग तिने ते सावकाश परत जमिनीवर टेकवलं.

तार क्षणभरही थांबली नाही.

सोमनाथ उठला, टाळकऱ्यांच्या शेवटच्या ओळीत जागा होती तिथं जाऊन उभा राहिला, आणि शेजाऱ्याने दिलेले टाळ हातात घेतले.